चमच्याची किणकिण

"हा बघ, हा खरा," म्हणत बाबांनी कानातलं इअरफोनचं बोंड काढून माझ्यापुढे धरलं. "बाकीचे तोंडावर गोधडी ओढून बोलतात. हा स्वच्छ बोलतो. लिही, पैसा वसूल."

मी स्पिरिटच्या बोळ्याने बोंड पुसून कानात घातलं. आमच्या घरी प्रत्येक इअरफोनची परीक्षा एकाच ध्वनिमुद्रणावर व्हायची. मी सात वर्षांची असताना बाबांनी केलेलं, जेमतेम एक मिनिटाचं. मी सातचा पाढा म्हणते आहे, डोक्यावर पंखा घरघरतो आहे आणि 'सात सक बेचाळीस'ला स्वयंपाकघरात आईच्या हातून स्टीलचा चमचा फरशीवर पडतो. पंख्याचा स्वर खालचा, पोरीचा मधला, चमच्याचा वरचा. "यापलीकडे आवाजात असतं काय?" बाबा म्हणायचे.

त्या दिवशी चमचा माझ्या कानात टाचणीसारखा घुसला. पाढ्यातला प्रत्येक 'स' फुत्कारत होता.

"कसा आहे?"

"चांगला आहे, बाबा."

"आता हा मध्ये लावून ऐक." त्यांनी काडेपेटीएवढा अ‍ॅम्प्लिफायर पुढे सरकवला. "या डबीबद्दल लिही, भांडकुदळ माणसाच्या हातात भोंगा दिला म्हणून तो शहाणा होत नाही. आधी इअरफोन बरा घ्या, मग डबीचं बघा."

मी हसले. हे वाक्य मात्र मी जसंच्या तसं ठेवलं.

तीस वर्षं बाबांनी रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. दुकान बंद झाल्यावर एका ग्राहक मासिकात ते स्वस्त इअरफोनची पारख करू लागले. वाचकांनी त्यांना 'कानसेन' हे नाव दिलं. बाबा बोलायचे, मी संगणकावर उतरवायचे. अंक आला की ते फक्त पत्रांचं पान उघडत. स्वतःचं लिखाण पुन्हा वाचायचं नाही, हा दुकानातला नियम. माल गिऱ्हाइकाच्या हाती गेला की त्याच्याकडे वळून बघायचं नाही.

त्या नियमाचा मी फायदा घेतला.

दोन वर्षांपूर्वी एकदा ते ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता थांबले. "काय गं, यातली चमच्याची किणकिण झिजली का? पडल्याचं कळतं, पण मागे काही उरत नाही."

टेप झिजते. हे ध्वनिमुद्रण कधीचंच संगणकात उतरवलेलं होतं, आणि फाइल झिजत नाही. हे ते माझ्याहून चांगलं जाणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उत्तराची वाट पाहिली.

"असेल," मी म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांचे निकाल बदलत आले. कर्कश इअरफोन त्यांना स्वच्छ वाटत, चांगले मुके वाटत. मी शब्द त्यांचे ठेवायचे, फक्त ज्या इअरफोनला शोभतील त्याला द्यायचे. पत्रं यायची, कानसेनांचा कान अचूक. बाबा ती आरामखुर्चीत बसून दोनदोनदा वाचत. मला वाटे, मी त्यांची अब्रू राखते आहे.

"जसं सांगितलं तसंच लिही हं," त्या संध्याकाळी त्यांनी बजावलं.

"हो बाबा," म्हणत मी लिहिलं, 'आवाज टोचतो. घेऊ नये.' इअरफोन पाकिटात घालून पाकीट डिंकाने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी परत पाठवायचा होता.

सकाळी ते पाकीट खिशात घालून बाबा टपाल कार्यालयाकडे निघाले. कोपऱ्यावर सामान पोचवणारी एक व्हॅन उलटी मागे येत होती.

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी व्हॅनचा चालक घरी आला. पन्नाशीचा माणूस, खुर्चीच्या कडेवर टेकलेला. समोर आत्या, बाबांची मोठी बहीण.

"ताई, गाडी मागे घेताना पीं पीं वाजतंच," तो मला म्हणाला. "त्या आवाजाने एक बाई लेकराला घेऊन बाजूला झाली. साहेब चालतच राहिले. वाजत होतं हो, आईशप्पथ वाजत होतं."

"वाजून काय उपयोग?" आत्या म्हणाली. "कानात बोंडं असणार त्याच्या. सत्तरी आली तरी हौस फिटली नाही. मी म्हणायचे, एक दिवस ही बोंडंच तुला खातील. पण माझं कोण ऐकतंय?"

"पोलिसही तेच म्हणाले," चालक म्हणाला. "खिशात इअरफोनचं पाकीट सापडलं ना."

आत्याने पदराने डोळे टिपले. "जन्म आवाजात काढला आणि गेला तो असा, निष्काळजीपणाने."

बाबा रस्त्यावर कानात कधीच काही घालत नसत. रस्त्यावर रस्त्याचंच ऐकावं, म्हणत. पोलिसांनी परत दिलेलं पाकीट टेबलावर होतं. एक कोपरा चेपला होता, पण डिंक उखडला नव्हता. घरात ते कुणी हातात घेऊनही पाहिलं नव्हतं.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. कानसेन कानसेनच राहिले असते, थोडे निष्काळजी इतकंच. सकाळीच संपादकांचा फोन येऊन गेला होता. शेवटच्या महिन्यापर्यंत कान कसा शाबूत होता, असं ते छापणार होते. गप्प बसायची मला दोन वर्षांची सवय होती.

मी पाकीट उचलून आत्याच्या हातात दिलं.

"हे मी चिकटवलंय, आत्या. उघडलेलंच नाही. त्यांच्या कानात काही नव्हतं."

तिने पाकीट उलटसुलट केलं.

"मग त्याला ऐकू कसं नाही आलं?"

"बाबांना असे बारीक, चढे आवाज ऐकू येत नव्हते," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. त्यांनी मला विचारलं होतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."