रूथला आधी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की मित्रांनो, तुम्हाला दागिने आठवतील, नाहीतर शालू. माझ्या नशिबी सलगम आले. वयाची शंभरी कधीच उलटली, पण नको तिथे नाक खुपसायची माझी खोड काही गेली नाही. झाकण लावून मला अंधारात ठेवायचे, मग ऐकण्याशिवाय मी दुसरे करणार तरी काय?

माझा जन्म फ्रँकफर्टजवळच्या एका गावात १९१५ साली झाला. पहिले महायुद्ध पेटले होते आणि कार्ल लढाईवर निघाला होता. जाण्याआधी त्याने आपल्या बायकोसाठी, हेडविगसाठी, मला बनवले. कार्ल टपालखात्यातला माणूस. सुतारकाम त्याला कितपत येत होते ते माझा वाकडा कोपरा पाहिला की कळते. माझ्यात त्याने गवत ठासले, त्यावर स्वतःच्या जुन्या लोकरी कोटाचे अस्तर लावले आणि मधे पातेल्यापुरता खळगा ठेवला. सकाळी पातेल्याला चुलीवर उकळी आणायची, ते माझ्यात ठेवून झाकण लावायचे आणि खुशाल कामाला जायचे. दुपारपर्यंत आतल्या आत अन्न शिजते, कोळसा वाचतो. नियम एकच: वेळेआधी झाकण उघडायचे नाही. वाफ गेली की सगळे कच्चे राहते.

पुरुष आघाडीवर गेले आणि आमच्या आवारातल्या बायका तोफगोळे भरायच्या कारखान्यात जाऊ लागल्या. पाच घरांनी मिळून एक ठरवले. प्रत्येकीने आपल्या वाट्याचे हेडविगच्या पातेल्यात टाकायचे आणि सहा पोरांनी दुपारी माझ्याभोवती बसून जेवायचे. वाढायचे काम हेडविगच्या मार्थाकडे होते. मार्था नऊ वर्षांची. सगळ्यांत धाकटी रूथ, पाच वर्षांची. ती ज्यू आहे हे मला फार उशिरा कळले. मी तिला वाडगा चाटूनपुसून लख्ख करणारी मुलगी म्हणूनच ओळखत होते.

मग १९१६चा हिवाळा आला. बटाट्याचे पीक बुडाले होते. एरवी गुरांपुढे टाकायचे जाडेभरडे सलगम माणसे खाऊ लागली. सलगमाचे सूप, सलगम घातलेला पाव, कुणी तर सलगमाचा मुरंबाही केला. त्याच सुमारास लष्कराने ज्यू सैनिकांची वेगळी मोजदाद करायचा हुकूम काढला. हे लोक आघाडीवर जायचे टाळतात, अशी कुजबुज होती म्हणे. रूथचे वडील त्या घटकेला आघाडीवरच्या खंदकात होते. पण कुजबुजीला पुरावा कोण मागतो?

समोर क्राउझेबाई राहायच्या. त्यांचा पाय अधू, म्हणून घरी बसून पोती शिवायच्या, आणि त्यांची खिडकी नेमकी माझ्यासमोर. त्यांचा मुलगा फ्रिट्झही आमच्या पंगतीत असायचा. एके दिवशी त्यांनी मार्थाला हाक मारली.

“उद्यापासून त्या मुलीला वाढायचं नाही. आमची माणसं मरताहेत आणि यांची लपून बसलीत. मी खिडकीतून बघतेय हं!”

मार्था आईला काही बोलली नाही. आई घरी यायची ती इतकी दमलेली असायची की बूट काढता काढता तिला डुलकी लागायची. मोठ्यांचा शब्द मोडायची मार्थाची छाती नव्हती, आणि रूथला उपाशी ठेवणेही तिला जमेना. आता ही पोर काय करणार, या उत्सुकतेने माझा जीव टांगणीला लागला.

क्राउझेबाई सकाळी दहाला काठी टेकत पावाच्या रांगेत जायच्या. त्या वळणाआड गेल्या की मार्था माझे झाकण उघडायची, रूथचा वाडगा भरायची आणि तिला जिन्याखाली नेऊन बसवायची. दुपारी रूथ लांब उभी राहून बाकीच्यांचे जेवण बघायची. क्राउझेबाईंचे समाधान होत होते. माझे मात्र बारा वाजले होते. दहाला वाफ गेली की दुपारी पातेल्यात काय शिजणार? चौथ्या दिवशी सहाही पोरे पोट धरून लोळत होती.

हेडविगने माझ्या गवतात हात घातला. ते वाफेने ओले झाले होते.

“झाकण कुणी उघडलं?” तिने विचारले.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण लाकडाला कुठला आलाय आवाज! शेवटी रूथ पुढे आली.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “मला लपून जेवायला लागतं ना.”

मग मार्थाने रडत रडत सगळे सांगितले. हेडविग माझ्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने तिने उठून कार्लची जाड पेन्सिल शोधली आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला सहाही मुलांची नावे लिहिली. पहिले मार्थाचे, शेवटचे रूथचे. त्याखाली लिहिले, ‘रूथला आधी.’

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेलीच नाही. बरोबर बाराला, क्राउझेबाईंच्या खिडकीखाली, तिने मला उघडले आणि पहिला वाडगा रूथच्या हातात दिला. खिडकी धाडकन बंद झाली. क्राउझेबाईंनी फ्रिट्झला आमच्यात जेवायला पाठवणे बंद केले. चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आपला वाडगा घेऊन आला आणि मुकाट्याने रूथच्या मागे उभा राहिला. क्राउझेबाई त्यानंतर हेडविगशी कधीच बोलल्या नाहीत. हेडविगनेही त्यांची मनधरणी केली नाही.

लढाई संपली. कार्ल परतला, रूथचे वडीलही परतले. कारखान्यातल्या बायकांना सांगितले गेले की आता पुरुष आलेत, तुम्ही घरी बसा. त्याच बायका १९१९ साली पहिल्यांदा मत द्यायला गेल्या. हे गणित मला अजून उलगडलेले नाही. पुढे रूथचे कुटुंब दुसऱ्या गावी गेले. कुठल्या, ते माझ्या कानावर आले नाही. नंतरच्या काळात या देशात ज्यूंचे काय झाले ते मी बंद झाकणातूनही ऐकले. रूथचे नाव मात्र कुणी काढले नाही.

गॅस आला आणि माझे काम संपले. मार्थाने मला जपले, पण आधी बुटांसाठी, मग नाताळच्या सजावटीसाठी आणि शेवटी तळघरात. गवतही काढून टाकले. मार्थाच्या नातीने घर रिकामे करताना मला फुटपाथवर ठेवले. इकडे श्पेरम्यूल नावाचा दिवस असतो. त्या दिवशी लोक मोठा भंगार माल दारापुढे ठेवतात आणि ज्याला हवे ते तो उचलतो.

मला उचलले मालिनीआजींनी. त्या पुण्याहून फ्रँकफर्टशेजारच्या बाड हॉम्बुर्गला मुलाकडे आल्या होत्या. सोबत सून मीनल आणि शाळकरी नात स्पृहा होती.

“आई, अहो जड आहे ती!” मीनल म्हणाली.

“असू दे गं. लाकूड बघ कसलं आहे! तुमच्या या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही. हिच्यात गोधडी घालून ठेवते.”

बघा, कुणी न सांगता बाईने माझे काम ओळखले! मी हरखून गेले. पण यांच्याकडे परकी वस्तू स्वयंपाकघरात आली की आधी घासली जाते. आजींनी गरम पाणी घेतले, साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि माझे झाकण उलटे केले. वरून खाली घासत निघाल्या. मार्था गेली. आणखी तीन नावे गेली. मला काही म्हणजे काही करता येईना.

“आजी, हाल्ट! थांब! तिथे काहीतरी लिहिलंय!” स्पृहा ओरडली.

“अगं बाई! मला वाटलं मळ आहे.”

अक्षरे जुन्या वळणाची होती, स्पृहाला लागेनात. तिने खालच्या मजल्यावरच्या नव्वदीच्या विंकलरआजींना बोलावले. त्यांनी उरलेले वाचले: फ्रिट्झ. रूथ. रूथला आधी.

“पण रूथला आधी का?” स्पृहाने विचारले.

“लहान असेल. लहानांना आधी वाढतात,” मालिनीआजी म्हणाल्या. त्या अजून हातातल्या घासणीकडेच बघत होत्या. वरची नावे कुणाची होती, असे त्यांनी दोनदा विचारले. कुणाला सांगता आले नाही.

तेव्हापासून आजी मला कोरड्या फडक्यानेच पुसतात. स्पृहाने माझ्या झाकणाचा फोटो काढून गावच्या अभिलेखागाराला पत्र पाठवले आहे: ही रूथ कोण, तिचे पुढे काय झाले?

मित्रांनो, तुमच्या घरात जुने काही आले तर पुसण्याआधी वाचा. वाचता आले नाही तर ज्याला येते त्याला बोलवा. मार्था नावाच्या एका पोरीने काय केले होते ते माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही.

पत्राच्या उत्तराची मी वाट बघते आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ऐकायची भीती वाटते आहे. तरीही स्पृहा, उत्तर आले की माझ्याजवळ बसून मोठ्याने वाच. वाईट असले तरी वाच. त्या हिवाळ्यात रूथ रोज जेवली, एवढेच मला माहीत आहे.