मतपेटीपुढचे उखाणे

रविवार, १४ मार्च १९५४. सकाळचे साडेदहा. मतदान सुरू होऊन अडीच तास झाले होते आणि तेवढ्या वेळात तेवीस स्त्रिया मत न देता परत गेल्या होत्या.

जळगावातील नगरपालिकेच्या एका शाळेत, मुळाक्षरांचे तक्ते टांगलेल्या खोलीत, मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसलो होतो. मूळचा मी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेले. त्यामुळे भिंत असो वा निवडणूक, काम ओळंब्यात असावे, एवढाच माझा आग्रह.

नगरपालिकेची निवडणूक होती आणि या वस्तीच्या जागेसाठी उमेदवार दोन होते. लोटनशेठ हे डाळमिलचे मालक आणि दोन वेळा निवडून आलेले. मंजुळाबाई या पिठाची गिरणी चालवणाऱ्या विधवा, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या. त्या वस्तीला पाण्याचा एकच नळ होता आणि तो डाळमिलच्या फाटकाशी होता. तुरीच्या गाड्या आल्या की नळ गाड्यांआड जाई आणि बायका घागरी घेऊन उन्हात ताटकळत. गल्लीत नळ द्यावा, असा अर्ज मंजुळाबाईंनी अनेकदा केला होता. प्रत्येक वेळी तो फेटाळला गेला, म्हणून शेवटी त्या स्वतःच उभ्या राहिल्या. त्या हरल्या असत्या तर पुन्हा अर्ज करण्याची उमेद वस्तीत कोणाला उरली नसती.

अडचण साधी होती. यादीत प्रत्येक स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावासह छापलेले होते. वस्तीत भागाबाई अकरा, भिकुबाई नऊ. नवऱ्याचे नाव कळल्याखेरीज समोर उभी असलेली भागाबाई कोणती, हे ठरवता येत नव्हते. आणि नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हे तर त्यांच्या अंगवळणी पडलेले.

"मालकांचं नाव सांगा, अक्का," यादी सांभाळणारे गिरधर मास्तर विनवत.

"तोंडे कसं लेऊ, भाऊ? बठ्ठी गल्लीले ठाऊक शे!"

"गल्लीला ठाऊक आहे हो. यादीला कुठे ठाऊक आहे?"

मग दाराबाहेरून नवरा ओरडे, "तोताराम! तोताराम लिहा!" त्याबरोबर लोटनशेठचा भाचा झुलाल, त्यांचा प्रतिनिधी म्हणून खोलीत बसलेला, उठून उभा राही.

"हरकत! मतदारानं स्वतः सांगायचं. मत बाईचं आहे का नवऱ्याचं?"

हरकत नियमाला धरून होती. झुलालचा हेतू मला आवडत नव्हता, परंतु हेतू तपासण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला नसतो. बाई पदर तोंडावर ओढून माघारी वळे.

अशा वेळी मंजुळाबाई स्वतः मत देण्यास आल्या. दाराशी घुटमळणाऱ्या बायकांनी त्यांना वाट करून दिली.

"यांना कोण ओळखत नाही?" असे म्हणून गिरधर मास्तर यादीवर खूण करू लागले.

"थांबा, मास्तर," झुलाल म्हणाला. "नियम सर्वांना सारखा. यादीत मंजुळाबाई तीन आहेत. मालकांचं नाव?"

मंजुळाबाई झुलालकडे न पाहता माझ्याकडे वळल्या.

"साहेब, नाव घ्यायचं, एवढाच नियम ना? ते कसं घ्यायचं, असं कुठं लिहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "मतदाराने स्वतः, स्पष्ट सांगावे, एवढेच लिहिले आहे."

त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली आणि दाराबाहेर ऐकू जाईल अशा स्वरात म्हटले,

"तापीचं पाणी वाहतं, थांबत नाही धार;
वनारावांचं नाव घेते, उघडा मताचं दार!"

कोणी हसले नाही. वनाराव जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्यानंतर मंजुळाबाईंना हळदीकुंकवाला कोणी बोलावले नव्हते, की नाव घे म्हणून कोणी आग्रह केला नव्हता. ज्या बायकांनी बोलावले नव्हते, त्याच दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"हरकत!" झुलाल गडबडला. "हे काय लग्नघर आहे?"

"नाव स्पष्ट ऐकू आले," मी म्हणालो. "मतदाराने स्वतः सांगितले. हरकत फेटाळली."

मंजुळाबाई पडद्याआड जाऊन मत देऊन आल्या आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेल्या. आवारात प्रचाराला बंदी होती. त्यांनी ती पाळली. तसे सांगण्यासारखे काही उरलेही नव्हते. दारातल्या बायका केव्हाच गल्लीकडे पळाल्या होत्या.

बारानंतर त्या आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून, कपाळभर कुंकू लावून. सर्वांत पुढे सकाळी परत गेलेली भागाबाई होती.

"मिलच्या दारी घागर भरते मी घाईत;
तोतारामरावांचं नाव आहे सरकारी वहीत!"

बाहेर तोताराम लाजून निंबाच्या झाडामागे गेला. तिच्यामागून सत्तरीची भिकुबाई काठी टेकत आली.

"केळीच्या पानावर वांग्याचं भरीत;
पुनारावांचं नाव घेते, मतदानाची रीत!"

"आजी, जरा थोडक्यात," गिरधर मास्तर हसू दाबत म्हणाले. "रांग रस्त्यापर्यंत गेली आहे."

"तुना लगीनमा बी अशीच घाई करी का रे, मास्तर?" भिकुबाईने विचारले, आणि रांगेत हशा उसळला.

चारच्या सुमारास रांगेतल्या बायका एकाएकी मागे वळून पाहू लागल्या. लोटनशेठच्या पत्नी पुष्पाबाई आल्या होत्या. झुलालने उठून खुर्ची पुढे केली. "मामी, तुम्हांला कशाला विचारायचं? मास्तर, खूण करा."

"का?" पुष्पाबाई म्हणाल्या. "नियम सर्वांना सारखा, असं सकाळी कोण म्हणत होतं?"

आणि त्यांनी नाव घेतले.

"तुळशीला घालते पाणी, वाढो तिचं बळ;
लोटनरावांचं नाव घेते, गल्लीत हवा नळ!"

झुलाल अर्धवट उठला आणि तसाच उभा राहिला. "साहेब, हा... हा प्रचार झाला!"

"उमेदवारांपैकी एकाचेच नाव घेतले गेले," मी म्हणालो, "आणि ते तुमच्याच उमेदवाराचे. लेखी हरकत द्यायची आहे का?"

तो खाली बसला. पुष्पाबाई पडद्याआड गेल्या. तिथे दोन उमेदवारांच्या दोन वेगळ्या पेट्या होत्या; त्यांनी कोणत्या पेटीत मत टाकले, ते कोणालाही ठाऊक नाही, आणि तसेच असायला हवे.

पाच वाजता मी दार बंद करवले. सकाळी परत गेलेल्या तेवीसही जणी येऊन मत देऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात मतमोजणी झाली. मंजुळाबाई तीनशे बारा, लोटनशेठ दोनशे चौऱ्याण्णव.

फरक अठरा.