वहीत न लिहिलेलं आकाश

बोलतोय मी, एक कॅमेरा. डोळा एकच, पण सत्तेचाळीस वर्षांत सुमगाईत शहरातल्या लग्नांत त्यानं काय काय पाहिलंय ते विचारू नका.

माझा मालक आगाकरीम. फोटो मी काढायचो, नाव त्याचं व्हायचं. असो! फोटो काळेपांढरे. त्यांत रंग भरायची त्याची बायको झिवर. बारीक ब्रश ओठांत ओला करून एकेक फोटो रंगवायची. ती लग्नांना जायची नाही, म्हणून आगाकरीम वहीत लिहून आणायचा: नवरीची शाल डाळिंबी, सासूचे डोळे हिरवे. आकाश तेवढं लिहायचं नाही. "आकाश माझं मी बघते," ती म्हणायची. एकदा एका जाड्या खाटकामागं तिनं गुलाबी आकाश भरलं. गडी इतका खूश झाला की बोकडाची आख्खी मांडी देऊन गेला.

पुढं रंगीत फिल्म आली, गिऱ्हाईकं तुटली. पण आगाकरीमचा हेका एकच, "रंग झिवरनंच भरायचे."

खिझीच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या टेकड्या आमच्यापासून तासाभरावर. त्या एकदा रंगवायच्या, ही झिवरची फार दिवसांची इच्छा. "पुढच्या रविवारी जाऊ," हा म्हणायचा, आणि रविवारी कुणाचं तरी लग्न निघायचंच. नोव्हेंबरात ती गेली. घर असं गप्प झालं की मला माझंच शटर मोठ्यानं वाजल्यासारखं वाटायचं.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणं माणसं जेवायला येतील, त्याआधी तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्या टेकड्या लागल्याच पाहिजेत, असं यानं मनाशी धरलं.

निघताना मेहुणी निसानं गाडीमागं तांब्याभर पाणी ओतलं. गेलेला सुखरूप परतावा म्हणून ओततात आमच्याकडं. ते पायरीवरच गोठायला लागलं.

"दाजी, टोपी कानांवर घ्या. आणि लवकर या."

"येतो गं. आल्यावर तुझ्याच बर्फावरून घसरून पडतो."

वाटेत चहावाला हसला. "चाचा, एवढ्या थंडीत कसले फोटो? टेकड्या काय पळून जातायत?"

"टेकड्या नाही रे पळत," एवढंच तो म्हणाला. चहा निम्मा तसाच राहिला.

थंडीनं शटर अडकू नये म्हणून त्यानं मला कोटात छातीशी धरलं होतं. माझा जीव मात्र वरखाली होत होता. सवयीनं त्यानं माझ्यात काळीपांढरीच फिल्म भरली होती! मला सकाळपासून माहीत होतं. पण मी ओरडणार कसा?

टेकड्यांवर चिटपाखरू नव्हतं. घळींत थोडं बर्फ, बाकी सगळे रंग उघडे. त्यानं मन लावून फोटो काढले. मग हातमोजा काढला, वही उघडली आणि लिहायला लागला: पहिली टेकडी, विटेसारखी लाल. मधला पट्टा, दुधावरची साय. खालची...

पेन थांबलं. त्यानं वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"या अल्लाह! झिवर, मी हे कुणासाठी लिहितोय गं?"

तो तिथंच मातीत बसला आणि रडला. वारा असा की हुंदकासुद्धा ऐकू येईना. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तो उठला, लाल पडलेली बोटं फुंकली आणि उरलेली यादी पुरी केली.

चाळिसाव्याला फोटो भिंतीवर लागला, काळापांढराच. खाली वहीचं पान चिकटवलेलं. पाहुणे पान वाचायचे, मग मान वर करून बराच वेळ फोटो बघायचे.

निसा हळूच म्हणाली, "दाजी, सगळं लिहिलंत. आकाश राहिलं."

"राहिलं नाही गं. ते ती बघेल."

मी आता तिच्या खुर्चीवर असतो, रंगांच्या डबीशेजारी. तुमच्याकडं लग्न निघालं तर म्हाताऱ्याला बोलवा हो. नवरीच्या शालीचा रंग तो अजून विचारून वहीत लिहील. विचारू द्या त्याला.