सोयरिकीचं मीठ

"शेपूट सोडा हो तिची, ल्वानताई! सोयरीक मुलीशी ठरलीय, शेपटीशी नाही," याओ-चू दारातूनच म्हणाली आणि आपल्याच बोलण्याला हसली.

ल्वानताईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या करड्या पिल्लाची शेपूट त्यांनी पुन्हा बुडापासून टोकापर्यंत दोन बोटांतून नेली. इतर तीन भावंडांच्या शेपट्या ओल्या सुतळीसारख्या बोटाभोवती वळल्या होत्या. हिची वळत नव्हती. मध्यावर आली की आत वाळकी काडी असावी तशी अडायची. जरा जोर दिला तर पिल्लू ओरडत नव्हतं. पाठीची कातडी तेवढी थरथरायची.

"चौघांत हिचेच कान दुमडले बघा. टोपी घातल्यासारखी दिसते," याओ-चू म्हणाली. तिची कोपऱ्यावर केकची बेकरी होती; हाताला अजून पीठ होतं. "कधी नेऊ?"

"उद्या डॉक्टरांना दाखवते. मग बोलू."

"दाखवा. पण मीठ घेतलंय तुम्ही माझं, विसरू नका."

मांजर मागायला येणाऱ्याने तिच्या आईसाठी मीठ आणि सुक्या मासळीची माळ आणायची, ही तैवानमधल्या लूकांग गावच्या जुन्या गल्ल्यांतली रीत. व्यवहाराचं पुढे ठरतं. पण मीठ घरात घेतलं की शब्द दिला. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते, तेव्हाच याओ-चू लाल कागदात बांधलेलं मीठ घेऊन आली होती. "ज्याचे कान दुमडतील ते माझं," म्हणाली होती. जन्मताना सगळ्यांचेच कान सरळ असतात. कोणाचे दुमडणार ते काही आठवड्यांनी कळतं. ल्वानताईंनी मीठ ठेवून घेतलं, आणि मुळ्याचं लोणचं घालायचे दिवस होते म्हणून त्याच आठवड्यात ते वापरूनही टाकलं.

जन्मलेलं प्रत्येक पिल्लू ल्वानताई तळहातावर उताणं धरत. तोंड उघडून टाळू बघत, बेंबी बघत, बरगड्यांचा पिंजरा चपटा नाही ना ते चाचपत. मागे एका पिल्लाची टाळू चिरलेली निघाली होती. दूध नाकातून बाहेर यायचं. त्यांनी त्याला थेंबथेंब पाजलं, ते गेलं. त्या जोडीला त्यांनी पुन्हा एकत्र येऊ दिलं नाही. आणि एक नियम नवऱ्याने घालून दिलेला, तो गेल्यावरही त्यांनी पाळला: दुमडलेल्या कानांच्या मांजरीला दुमडलेल्या कानांचा बोका दाखवायचा नाही. गावात कोणीकोणी दाखवत, आणि मग आल्याच्या गाठीसारख्या पायांची पिल्लं जन्मत. ल्वानताई रोज पहाटे क्वान-यिन देवीपुढे उदबत्ती लावून बौद्ध सूत्र म्हणत, पौर्णिमा-अमावास्येला मासळीला शिवत नसत. मांजरांच्या बाबतीत आपल्या हातून पाप नाही, एवढी त्यांची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी टोपलीत पिल्लू आणि त्याची आई तौहुआ, अशा दोघींना घेऊन त्या डॉक्टर फांग यांच्याकडे गेल्या. तौहुआचं नाव सोयाबीनच्या मऊ दह्यावरून ठेवलेलं. तशीच पांढरी, तशीच मऊ; कान या पिल्लासारखेच दुमडलेले.

डॉक्टर फांग वयाने ल्वानताईंच्या मुलीएवढ्या. त्यांनी पिल्लाचा एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, "आईचाही काढू या."

"तिला काही नाही झालं."

"असू दे. आलीच आहे तर."

दोन्ही फोटो उजेडावर लागले. पिल्लाच्या शेपटीचे मणके आखूड, एकमेकांना चिकटू लागलेले. तौहुआच्या मागच्या घोट्यांवर कणकेचा गोळा थापल्यासारखं हाड चढलं होतं. ते ल्वानताईंनाही दिसलं.

"मावशी, ही उड्या मारते?"

"लहानपणी मारायची. आता नाही. स्वभावाने शांत आहे हो. मी सूत्र म्हणते ना, तेव्हा समोर येऊन पाय पसरून बसते, माणसासारखी. गल्लीतल्या बायका बघायला येतात. म्हणतात, तुमच्या संगतीत मांजरही भक्त झाली."

डॉक्टरांनी फोटोतल्या घोट्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "दुखतं म्हणून तशी बसते, मावशी. पाय मुडपले की दुखतात."

ल्वानताईंनी टोपलीच्या कडेवर हात ठेवला.

"पण बोका सरळ कानांचा होता."

"म्हणून बाकीची तिघं धड आहेत. तुमच्या नियमाने अर्धी पिल्लं वाचतात. उरलेल्या अर्ध्यांचं काय? दुमडलेला कान हाच आजार आहे. जी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कानात तीच सांध्यात. कुणाला लवकर त्रास होतो, कुणाला उशिरा."

"हिची आजीही अशीच बसायची," ल्वानताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "औषध आहे?"

"दुखणं कमी करणारं आहे. बरं करणारं नाही."

"मग ते द्या. आणि पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करतात, ते आईचं करून टाका. पिल्लाचं वय झालं की त्याचंही."

"तुमच्या घराण्याची मांजरं म्हणून लोक लांबून येतात. नीट विचार करून सांगा, घाई नाही."

"सांगितलं की."

संध्याकाळी याओ-चू पिंजरा घेऊनच आली. पिंजऱ्याला लाल फीत बांधली होती.

"ही मिळणार नाही," ल्वानताई म्हणाल्या. "आजारी आहे. बाकी तीन आहेत, हवं ते न्या."

"सरळ कानांची? ती मासळीबाजारात पायात येतात! मला हीच हवी. भाच्याकडे अश्शाच कानांचा बोका आहे. वर्षभरात घर भरेल माझं."

"त्यासाठीच देणार नाही."

"ल्वानताई, खाल्ल्या मिठाला जागा जरा! शब्द मोडताय तुम्ही. तुम्ही!"

"हो, मोडतेय."

त्या आत गेल्या आणि मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "तुमचं मीठ यात आहे. दुकानातून दुसरं आणता आलं असतं, पण ते तुमचं नसतं."

याओ-चू बरणीकडे बघत राहिली. "आणि मासळी?"

"ती तौहुआने खाल्ली."

"ती बरी सोडेल!" याओ-चूला हसू आलं, ते तिने लगेच आवरलं. बरणी काखेत मारली. "सगळ्या गल्लीत सांगणार आहे मी, सोयरीक मोडली म्हणून."

"सांगा. का मोडली तेही सांगा."

रिकामा पिंजरा दाराच्या चौकटीला आपटत बाहेर गेला.

पुढच्या पहाटे ल्वानताईंनी उदबत्ती लावली. खिडकीखाली अंगणातली एक वीट आणून मांडली. तिच्यावर आपल्या बैठकीची गादी दुमडून ठेवली, म्हणजे तौहुआला चिमण्या बघायला चढता येईल. तौहुआने गादी हुंगली. चढली नाही. नेहमीसारखी देवीपुढे येऊन पाय पसरून बसली.

ल्वानताई उघड्या फरशीवर गुडघे टेकून सूत्र म्हणू लागल्या. थोड्या वेळाने गुडघे दुखायला लागले. इतक्या वर्षांत त्या देवीपुढे कधी पाय पसरून बसल्या नव्हत्या. त्यांनी एक पाय लांब केला, मग दुसरा, आणि मांजरीशेजारी तशाच बसून उरलेलं सूत्र पुरं केलं.