रामदासचं वाकडं नाक

मित्रांनो, मी रामदासचं नाक. आता जुनं झालंय. बाहेरून पाहाल तर सरळ, पण आतला मधला पडदा जन्मापासून डावीकडे वाकलेला. खानदेशात होतो तोवर त्यापायी माझं काही अडलं नाही. मग आम्ही सुरतेला आलो. डिंडोलीत खोली, लूमच्या कारखान्यात काम.

तिथं उडणारा धाग्याचा भुगा सरळ माझ्यात! वर रस्त्याचा धूर. रुमाल बांधावा, तर यंत्रांच्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. मग रुमाल गळ्यात. सुट्टी झाली की गुळाचा खडा खायचा. गुळानं धूळ उतरते म्हणे. अहो, गूळ तोंडात आणि धूळ माझ्यात, ती उतरणार कशी? पण आमचं ऐकतो कोण!

हळूहळू माझी वाट चोंदली. कपाळ ठणके, गाल जड होत. "सर्दीच ती, जाईल," म्हणत महिने गेले, सर्दी राहिली. पुढं तर मला वासच येईना.

एका संध्याकाळी धाकटी स्वाती झोपली होती. दिवा लावायला रामदासनं काडेपेटी घेतली, तोच त्याची बायको उज्ज्वला दारातून किंचाळली, "काडी लाऊ नका! गॅसना वास ई ऱ्हायना, तुमले समजत नई का?"

शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं, खोलीभर गॅसचा वास सुटला होता आणि मला पत्ताच नव्हता. पोरीला उचलून रामदास बाहेर पळाला. मला तर लाजेनं त्याच्या चेहऱ्यावर राहवेना.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. "पडदा वाकडा, म्हणून वाट अरुंद. धुळीधुरानं आतून सूज येते, वाट बुजते, आणि गाल-कपाळाच्या पोकळ्यांत घाण तुंबते."

"मग दोष नाकाचा का हवेचा?"

"दोघांचा. कुणाचा किती, ते सांगता येत नाही."

झालं! मी वाकडं म्हणून हवा बाधली, की हवाच वाईट? गावी हाच पडदा होता, काही झालं नाही. आणि शेजारच्या लूमवरचा राघो तीच हवा घेऊन ठणठणीत. मला काही म्हणजे काही उमगत नाही.

आता रामदास रुमाल बांधतो, हातवाऱ्यांनी बोलतो, मिठाच्या पाण्यानं मला धुतो. बरं वाटतं. पण परवापासून स्वाती उठते ती शिंकतच. बाईंनी तिचंही नाक तपासलं. पडदा अगदी सरळ. रामदास मला चोळत राहिला.

मित्रांनो, आपापलं नाक जपा, एवढं मी तुम्हाला सांगेन. पण या पोरीनं कोणती हवा घ्यायची, ते मी कुणाला विचारू?