साडेदहा फुटांचा बंब

आमच्या बंबाची उंची शिडीसकट साडेदहा फूट. हे मी झोपेतही सांगेन. बारा वर्षं ही गाडी मीच चालवतोय, आणि पौड रस्त्यावर कुठल्या वडाची फांदी शिडीला घासते हे मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक आहे. गावाला मात्र ही उंची कधी विचारावीशी वाटली नाही. गावानं मला एवढंच विचारलं, की कार्यक्रमाला गाडी धुऊन आणशील ना.

कार्यक्रम प्रदीपच्या पहिल्या स्मृतिदिनाचा होता. प्रदीप आमच्याच गावचा आणि आमच्याच केंद्रावरचा फायरमन. गेल्या वर्षी गावामागच्या पॅकिंगच्या गोदामाला आग लागली. वर्दी मिळाल्यापासून अकराव्या मिनिटाला मी गाडी गावात आणली आणि बाराव्या मिनिटाला ती उभी राहिली. रस्त्यात लग्नाची कमान होती. बांबू, थर्माकोलचे दोन हत्ती, आणि त्यापुढं आडवी लावलेली साऊंडची गाडी. मंडपवाला जेवायला बसला होता. ते सगळं सोडवेपर्यंत वीस मिनिटं गेली. प्रदीप थांबला नाही. उडी मारून उतरला आणि पळत गेला, पाण्याशिवाय. एका कामगाराला खांद्यावर टाकून त्यानं बाहेर आणलं. दुसऱ्यासाठी परत आत गेला आणि वरचे पत्रे कोसळले. मी तेव्हा थर्माकोलच्या हत्तीपाशी हॉर्न वाजवत बसलो होतो. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण खरं आहे ते आहे.

प्रदीप गेला आणि गावाला एकदम त्याची ओळख पटली. चौकाचौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर वरून खाली आठ चेहरे होते, सगळे हात जोडलेले, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा प्रदीप. तो फोटो आमच्या केंद्राच्या सहलीच्या फोटोतून कापलेला होता. त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता. तो माझा होता.

मग स्मारक समिती निघाली. अध्यक्ष अर्थातच हैबतराव. गावची निम्मी जमीन त्यांची होती. आता त्यातली निम्मी कंपन्यांना गेली आणि उरलेल्यावर त्यांनी परप्रांतीय कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या काढल्या. माणूस वाईट नाही. कुणी मेलं की पहिला हजर असतो, आणि फोटोग्राफर घेऊन हजर असतो.

पहिल्या बैठकीला प्रदीपची बायको गौतमी वहिनी आली होती. ती उरवड्याच्या एका कंपनीत लाइनवर काम करते, आठ तास उभी असते, त्यामुळं तिला लांबलचक बोलण्याची सवय नाही. ती उठली आणि म्हणाली, "त्यांच्या नावानं काय करायचं त्ये करा. पण रस्त्यात काय उभं करू नका. गाडी आत यायला पायजे, एवढंच माजं म्हणणं हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हैबतरावांनी रुमालानं डोळे पुसले. इतिवृत्तात नोंद झाली की वीरपत्नीच्या भावनांची समितीनं दखल घेतली. आणि पुढच्या ओळीत ठराव झाला की हुतात्म्याच्या नावानं भव्य कमान उभारावी.

कमान कुठं, यावर थोडी चर्चा झाली. प्रदीप अख्ख्या गावाचा सुपुत्र, हे भाषणात सगळे बोलले होते. पण अख्ख्या गावाच्या वेशीवर जागा नव्हती म्हणे. तिथं पुढंमागं दुसऱ्या कुणाची तरी कमान लागेल. "त्याच्याच वस्तीच्या तोंडाशी करू, त्याच्या मानसांना रोज दिसंल," असं ठरलं. आमची बौद्धवस्ती एका गल्लीत आहे. गल्ली ओढ्यापाशी संपते, जायला-यायला एकच तोंड. त्या तोंडावर कमान आली.

आता हिशेब सांगतो, फुटांचा. कमान ठरली बारा फुटांची. मी म्हटलं, ठीक आहे, दीड फूट मोकळं राहतंय. मग प्रदीपच्या नावाखाली पत्र्याची एक पाटी वेल्डिंग करून बसवली, सव्वा फुटाची, तिच्यावर मार्गदर्शक, प्रेरणास्थान, संकल्पक आणि सौजन्य असे चार फोटो. तरी तीन इंच शिल्लक होते. मग कार्यक्रमाला आमदारसाहेब येणार म्हणून गल्लीचा रस्ता जुन्या रस्त्यावरच परत काँक्रीट ओतून केला. सहा इंच. आमच्याकडं रस्ता उकरत नाहीत, वरून वाढवत नेतात, त्यामुळं वस्तीतल्या गंगूबाईच्या, म्हणजे प्रदीपच्या आईच्या, घरात आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं.

मी टेप घेऊन हैबतरावांकडं गेलो. "अण्णा, बंब जात न्हाई."

"कितीनं?"

"तीन इंचानं."

"हात्तिच्या! तीन इंचानं काय हुतंय?"

"शिडी अडकती. पाटी तेवढी काढा, लगेच जाईल."

हैबतरावांना मनापासून वाईट वाटलं. "शंभू, पाटी काढली तर लोकांना कळायचं कसं, प्रदीपवर जीव कुनाचा हुता त्ये?"

"मग शिमिट तरी उकरा."

"त्याचं उद्घाटन झालंय की रं."

मी केंद्रावरच्या आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "शंभू, काहीतरी ॲडजस्ट कर." आमच्या खात्यात हा लेखी आदेशापेक्षा मोठा आदेश असतो.

ॲडजस्ट केलं ते पंक्चरवाल्या माऊलीनं. त्याचं म्हणणं, टाकी काठोकाठ भर, गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसते, आणि वर सहाही चाकांची हवा काढ, मग बरोबर तीन इंच उतरते. मला लाज वाटली, पण मी हो म्हणालो. संध्याकाळी गौतमी वहिनीला सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"म्हंजी कार्यक्रमाला गाडी आत येणार, हवा काढून. आन् आग लागली तर?"

गंगूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "त्याला कशाला इचारतीस? त्यो तरी काय करील?" ते मला जास्त लागलं.

स्मृतिदिनाच्या सकाळी सगळं थाटात पार पडलं. कमानीला झेंडूच्या माळा, दोन्ही अंगांना रांगोळी. माऊलीनं चाकांतली हवा सोडली तेव्हा ढोलवाल्यांना वाटलं काहीतरी विधी आहे, त्यांनी ठेका धरला. मी बसक्या चाकांवर बंब मुंगीच्या पावलानं आत घेतला. शिडी पाटीखालून गेली तेव्हा मधे पोस्टकार्ड सरकवण्याएवढी फट होती. 'अमर रहे'च्या घोषणा झाल्या, फुलं पडली, ड्रोन फिरला.

आता इथं माझी चूक झाली. बंब बसक्या चाकांवर उभा ठेवायचा नसतो. वर्दी कधीही येते, गाडी तयार पाहिजे, ही आमच्या नोकरीची पहिली शिस्त. त्या शिस्तीला जागून मी माऊलीचा कॉम्प्रेसर आत बोलावला आणि सहाही चाकं टंच भरून घेतली. पाऊण तास लागला. सगळं झाल्यावर कमानीकडं बघितलं आणि लक्षात आलं, की आपण तयार गाडी कुलपात घातली आहे. माऊली म्हणाला, "जाताना परत सोडू की." त्याला धंदाच झाला.

आमदारसाहेब महाळुंग्याच्या पुढं आले, पुढं आले, असं दोन तास चाललं होतं. मग ते खरंच आले. गौतमी वहिनीला स्टेजवर मधोमध बसवून शाल, नारळ आणि प्रदीपचा फोटो दिला. फोटो तिचाच होता, समितीनं महिन्यापूर्वी मागून नेलेला. तिची नऊ वर्षांची लेक धम्मदीपा आजीच्या मांडीशी बसून उन्हानं पेंगत होती. साहेब बोलायला उठले. "आग," ते म्हणाले, "आग म्हणजे काय असते, हे प्रदीपसारख्या वीरांकडून शिकावं..."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. केंद्रावरून वर्दी होती. भरे गावाच्या अंगाला, पत्र्याच्या खोल्या, सिलेंडरनं पेट घेतलाय, आत माणसं आहेत. दुसरा बंब निघाला होता, पण तो चांदणी चौकाच्या पलीकडून यायचा. आमचा बंब त्या खोल्यांपासून सहा मिनिटांवर होता. सहा मिनिटं आणि एक कमान.

मी स्टेजपाशी पळत गेलो आणि हैबतरावांच्या कानात सांगितलं. ते हळूच म्हणाले, "तितं खोल्याच न्हाईत."

"अण्णा, तुमच्याच खोल्या हायेत त्या!"

"कागदावर न्हाईत म्हणतोय मी. साहेबांसमोर कशाला काढतोस? हवा सोड आन् गुपचूप जा."

"हवा सोडायची, भाईर काढायची, परत भरायची. तासभर जाईल! पाटी तोडू द्या."

"त्यावर साहेबांचा फोटो हाय, येड्या!"

माइक चालू होता. शेवटची दोन वाक्यं सगळ्या मांडवानं ऐकली. साहेबांनी भाषण थांबवलं आणि वर, स्वतःच्या फोटोकडं बघितलं. समितीचा सचिव म्हणाला की असा निर्णय एकट्यानं घेता येत नाही, बैठक लावावी लागेल. ढोलवाला म्हणाला, शिडीच काढा. शिडी काढून मी खोल्यांवर काय घेऊन चढणार होतो? परत तेच चाललं होतं. मी होतो, गाडी होती, पाणी होतं, आणि मधे कुणाची तरी शोभा उभी होती.

गौतमी वहिनी उठली. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ ठेवला, फोटो सासूच्या मांडीवर दिला. स्टेजवरून उतरून सरळ कमानीखाली आली.

"शंभूभाऊ, गाडी मागं घ्या."

"वहिनी, कमान पडंल."

"पडू द्या."

हैबतराव धावत आले. "गौतमी, अगं, वर नाव बघ की! तुज्या नवऱ्याचं नाव हाय!"

"म्हणून तर म्या सांगतिया. दुसऱ्या कुनाचं असतं तर तुमाला इचारलं असतं. सरका बाजूला. आरं ए, पोरं उचला तितली!"

तिनं दोन्ही हातांनी माणसं बाजूला लोटली. साहेबांचे सुरक्षावालेही सरकले. मी गाडीत बसलो, सायरन दिला, रिव्हर्स टाकला. रिव्हर्स घेताना बारा वर्षांतली अकरा वर्षं माझ्या मागं प्रदीप उभा असायचा. आरशात बघितलं तर तिथं, कमानीच्या आत भिंतीकडंला, ती उभी होती, हात हलवत, मांडवाच्या वर आवाज काढून ओरडत होती, "येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!"

शिडी पाटीला भिडली. मला वाटलं होतं पाटी तुटेल. पाटी नाही तुटली, ती चांगली वेल्डिंग केलेली होती. अख्खी कमानच खांबांसकट उपटून बाहेरच्या अंगाला आडवी झाली. मग कळलं की भव्य खांबांचा पाया वीतभरसुद्धा नव्हता. चार फोटो, झेंडू आणि प्रदीपचं नाव, सगळ्यांवरून मी गाडी घातली. नावावरून चाक गेलं तेव्हा मी रडत होतो. खोटं कशाला सांगू?

निघाल्यापासून सातव्या मिनिटाला आम्ही खोल्यांवर होतो. कागदावर नसलेल्या अकरा खोल्यांपैकी चार पेटल्या होत्या. शेवटच्या खोलीत एक बाई दोन लेकरं घेऊन मोरीत बसली होती, बादलीतलं पाणी अंगावर ओतत. आमच्या नव्या फायरमननं, शैलेशनं, मागचा पत्रा कापून तिघांना बाहेर काढलं. बाई खोकत होती आणि "और कोई नहीं है, और कोई नहीं है" एवढंच म्हणत होती. दुसऱ्यांदा कुणाला आत जावं लागलं नाही.

चार दिवसांनी समितीनं तक्रार दिली. हुतात्मा स्मारकाची विटंबना, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, आणि जनतेच्या भावना दुखावणं. आरोपी दोन, एक मी आणि दुसरी हुतात्म्याची बायको. माझी खात्यात चौकशीही लागली, शिडी वाकवल्याबद्दल.

जबाब द्यायला आम्ही दोघं चौकीत गेलो. वहिनी अर्धी पाळी बुडवून आली होती. हवालदार सज्जन होता, त्यानं पाणी दिलं. मग लिहीत लिहीत विचारत गेला. नाव, वय, धंदा, मयताशी नातं. स्मारक मयत पतीचं आहे हे माहीत होतं का? व्हय. तरीही पाडायला सांगितलं का? व्हय. कुणी चिथावलं का? न्हाई. पश्चात्ताप होतोय का?

वहिनीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"लिवा सायेब," ती म्हणाली. "गेल्या साली गाडी येळंवर पोचली न्हवती. या बारीला पोचली."

हवालदारानं पेन उचललं, कागदाकडं बघितलं, आणि अगदी समजुतीनं विचारलं, "बरोबर आहे ताई, पण याचा स्मारकाशी काय संबंध?"