भाजकातली माणसं

दशांशताई हे नाव ऑफिसनंच ठेवलं होतं, कारण बाई दशांशचिन्हापुढचा चौथा आकडाही सोडायच्या नाहीत. सांख्यिकी कार्यालयात त्या बारा वर्षं तात्पुरत्या होत्या. बारा वर्षं तात्पुरतं म्हणजे काय चेष्टा आहे? त्यांना कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर होती खरी, पण साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवत.

या कार्यालयातून दरवर्षी एक पुस्तिका निघे: आपला देश, शेजारचा देश आणि दोघांचं चाळीस वर्षांचं दरडोई उत्पादन. वर्षभरात देशानं जे काही तयार केलं त्याची किंमत, भागिले माणसं. चाळीस वर्षांपूर्वी शेजारी आपल्या निम्म्यावर होता. तेव्हा कुणीतरी हौसेनं मुखपृष्ठावर आलेख छापायची टूम काढली. आपली रेघ वर, त्यांची खाली. पुढं त्यांची रेघ मुकाट्यानं चढत राहिली, आपली मंडळी भाषणं ठोकत राहिली, आणि यंदा त्यांची रेघ आपल्या डोक्यावर जाऊन बसली.

सोमवारी मंत्री पुस्तिकेचं प्रकाशन करणार होते. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाई, काहीतरी करा. रेघ वर आली तर तुमची फाईल मी स्वतः सही करून आणतो."

देशाचं उत्पादन वाढवणं काही ताईंच्या हातात नव्हतं. पण भागाकाराला खालचा आकडाही असतो.

"साहेब, कामासाठी परदेशी गेलेले लोक इथं काही तयार करत नाहीत. त्यांना कशाला मोजायचं?"

साहेबांची कळी खुलली.

"मागच्या वर्षांतूनही काढू?" ताईंनी विचारलं.

"छे, मागचं कशाला उकरता? फक्त यंदाचे."

नऊ लाख माणसं एका बटणासरशी गेली आणि आपली रेघ केसभर वर आली. ताईंनी खाली बारीक अक्षरांत टीप टाकली. टीप दिली की ते खोटं नसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या नऊ लाखांत त्यांचा सख्खा दादा होता, शेजारच्या देशात वेल्डिंग करणारा. रविवारी त्याचा फोन आला.

"दादा, तुला मी देशातून काढलं बरं का," ताईंनी हसत सगळं सांगितलं.

"इथंही आम्हाला मोजत नाहीत गं. तात्पुरते ना आम्ही. पूल आम्ही बांधायचे आणि भागाकार यांनी आपसांत करायचा."

म्हणजे तिकडचीही तीच चलाखी. ताई पोट धरधरून हसल्या. दादा हसला नाही.

"मग मी आहे कुठे, तेवढं सांग," तो म्हणाला. ताईंनी जेवलास का, असं विचारून विषय बदलला.

सोमवारी मंत्र्यांनी साहेबांची पाठ थोपटली आणि खुशीत फर्मान काढलं: प्रत्येक कार्यालयानं आपलं दरमाणशी काम शेजारच्या देशातल्या कार्यालयाशी ताडून दाखवावं.

आठवड्यानं साहेबांनी ताईंना बोलावलं. फाईलवर आज कप नव्हता.

"बाई, दरमाणशी आपण मागे पडतोय. मग मला तुमचीच युक्ती आठवली." साहेब अगदी मनापासून कौतुकानं बोलत होते. "तुम्ही अकरा तात्पुरते कमी झालात की आपण पुढे."

"पण साहेब, सगळी कोष्टकं आम्हीच करतो."

"यंदाची झालीत ना? आपल्याला यंदाचंच दाखवायचंय. जाता जाता आलेख तेवढा काढून द्या."

ताईंना भयंकर संताप आला. खाडखाड बोलावं असं वाटलं, पण बोलायला तोंड कुठं होतं? जागेवर येऊन त्यांनी अकरा नावं निवडली. त्यात सातवं स्वतःचं. बटण दाबलं, रेघ वर गेली. मग त्यांनी टीप टाकली, ‘काम अकरा तात्पुरत्यांचं, मोजलेले फक्त कायम’, आणि या खेपेला अक्षरं मथळ्याहून मोठी केली. छापखान्याकडे पाठवायचं तेवढं साहेबांवर सोडलं आणि पर्स उचलली.

"अहो बाई, टीप बारीक करून जा," साहेब मागून म्हणाले.

ताई थांबल्या नाहीत. साहेबांनी एकेकाला बोलावून पाहिलं. अक्षरं बारीक कशी करायची, हे ऑफिसात एकाही कायम माणसाला येत नव्हतं.